वेड कोणी ठरवावे? कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज आणि कायदा

१/ २५ डिसेंबर १८८३, अहमदनगर. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज पहाऱ्यावरील ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर मरण पावले. वय अवघे २० वर्षे. वेड लागल्याच्या कारणावरून त्यांना राजधानीपासून दूर, पहाऱ्यात ठेवले होते.

२/ राजाराम महाराज १८७० मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स येथे निवर्तले. त्यांच्यामागे १८७१ मध्ये हे बालराजे दत्तक आले. पुढे त्यांना वेडे ठरवण्यात आले. हा आजार खरा की छळाचा परिणाम, या प्रश्नाने महाराष्ट्र ढवळून निघाला.

३/ ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर आरोप केले. आधारासाठी छापलेली पत्रे बनावट निघाली. जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. दिवाणांच्या अब्रूचा निवाडा न्यायालयात झाला. महाराजांच्या स्वातंत्र्याचा मात्र झाला नाही.

४/ त्या काळी कायदा होता. १८५८ च्या ३५ व्या कायद्यानुसार मालमत्ताधारक व्यक्ती वेडी आहे की नाही, याची चौकशी जिल्हा न्यायालय करी आणि त्या व्यक्तीला तशी नोटीस देई. ३६ व्या कायद्यानुसार मॅजिस्ट्रेट वैद्यकीय दाखल्याच्या आधारे वेड्यांच्या इस्पितळात रवानगी करी.

५/ हे कायदे ब्रिटिश मुलखाचे. संस्थानाधिपतीचा प्रश्न राजकीय मानला जाई व त्याचा निर्णय सरकारदरबारी होई. सामान्य जमीनदाराला मिळणारी चौकशी राजाच्या वाट्याला आली नाही.

६/ पुढे १९१२ चा कायदा आला. त्यातील ‘वेडा’ ही संज्ञा १९८७ च्या कायद्याने बदलून ‘मनोरुग्ण’ केली. दाखल करण्याचे आदेश मात्र मॅजिस्ट्रेटच्याच हाती राहिले.

७/ २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तोल रुग्णाकडे झुकवला. संमतीविना दाखल करण्यापूर्वी दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक. प्रथम मुदत कमाल ३० दिवस. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत कळवायचे. स्त्री वा अल्पवयीन असल्यास तीन दिवसांत. रुग्णाला मंडळाकडे दाद मागता येते.

८/ याच कायद्याचे कलम ३ बजावते की राजकीय, आर्थिक वा सामाजिक स्थानावरून कोणालाही मानसिक आजारी ठरवता येणार नाही.

९/ जालना जिल्ह्यातील घनसावंगी १८८३ मध्ये निजामाच्या राज्यात होते. १८५८ चे कायदे तेथेही पोहोचत नव्हते. आज तेथील शेतमजुरालाही या मंडळाचे दार ठोठावता येते. छत्रपतींना असे दारच नव्हते.