अजिंठ्याच्या कथेतील हरवलेला वाघ

अजिंठा ‘सापडला’ ती कथा बहुतेकांना ठाऊक असते. तिच्यात एक वाघ आहे. या डोंगरांतील वाघांचे पुढे काय झाले, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. थ्रेड.

२८ एप्रिल १८१९. मद्रास घोडदळातील अधिकारी जॉन स्मिथ वाघाच्या शिकारीसाठी वाघूर नदीच्या दरीत आला आणि दहाव्या लेण्याच्या कमानीपाशी पोहोचला. आत त्याने आपले नाव व तारीख कोरली. ती अक्षरे आजही आहेत. (स्थानिकांना लेणी आधीपासून ठाऊक होती. ‘शोध’ हा शब्द जपूनच वापरावा.)

१८४४ मध्ये भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी रॉबर्ट गिल याची नेमणूक झाली. वर्षानुवर्षे चिकाटीने चित्रे उतरवणारा हा माणूस वाघांचा शिकारी म्हणूनही विख्यात होता. त्या काळाला यात विसंगती वाटली नाही. चित्र हा वारसा होता, वाघ हा पराक्रमाचा विषय.

वनखात्याच्या नोंदींप्रमाणे गौताळ्याच्या जंगलात १९४० नंतर वाघ दिसला नाही. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १९८६ मध्ये कन्नड आणि चाळीसगाव तालुक्यांतील सुमारे २६० चौरस किलोमीटर क्षेत्र गौताळा-औट्रमघाट अभयारण्य म्हणून घोषित झाले. जंगलाला संरक्षण मिळाले तेव्हा त्यात वाघ उरला नव्हता.

आणि मार्च २०२१ मध्ये गौताळ्यातील कॅमेऱ्यात एक नर वाघ टिपला गेला. तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून सुमारे ३३० किलोमीटर अंतर कापून आला होता. त्याआधी २०१९ मध्ये टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता. वयात आलेले नर स्वतःच्या क्षेत्राच्या शोधात बाहेर पडतात. टिपेश्वर आकाराने लहान, त्यामुळे शेते, नाले, रस्ते ओलांडत ते निघतात. सातमाळा-अजिंठा रांगेतील तुटक जंगलपट्टे हाच त्यांचा आसरा.

येथे पर्यटनाचा प्रश्न येतो. गौताळ्यातच पितळखोऱ्याची लेणी आहेत आणि पावसाळ्यात धबधब्यांवर गर्दी उसळते. रवांडामध्ये पर्वतीय गोरिलांच्या एका कळपाजवळ एका वेळी आठच पर्यटकांना, तेही तासभर जाऊ देतात. उद्यानांच्या पर्यटन-उत्पन्नातील दहा टक्के वाटा भोवतालच्या वस्त्यांना मिळतो. मर्यादा घालणे आपल्याला परके नाही. अजिंठ्याला खासगी वाहने फर्दापूरच्या फाट्यावरच थांबतात, पुढचे चार किलोमीटर बसने जावे लागते. चित्रांसाठी हे मान्य झाले. जंगलासाठी तसे मान्य होणे अजून बाकी आहे.

गौताळ्यात आलेला तो नर एकटाच होता. वाघिणी सहसा आईच्या क्षेत्राजवळच स्थिरावतात. इतका लांबचा प्रवास त्या क्वचितच करतात.