कोयनेची भेग आणि कोयनानगरच्या भिंती

कऱ्हाडहून चिपळूणच्या रस्त्याला लागलें म्हणजे पाटण मागें पडतें, दोन्ही बाजूंचे डोंगर हळूहळू जवळ येऊं लागतात आणि कुंभार्ली घाटाच्या अलीकडे हेळवाकच्या शेजारीं कोयनानगर लागतें. महाबळेश्वराच्या डोंगरांत उगम पावलेली कोयना दक्षिणेकडे वाहत येते आणि येथें पूर्वेकडे वळून कऱ्हाडच्या प्रीतिसंगमाची वाट धरते. या वळणाच्या वरच्या अंगाला तिला १०३ मीटर उंचीच्या धरणानें अडविलें आहे. धरणाचें काम १९५४ नंतर सुरू झालें व १९६३ च्या सुमारास पुरें झालें. त्या कामासाठीं आलेल्या मजुरांची, कारागिरांची, कारकुनांची व अभियंत्यांची वस्ती तेंच कोयनानगर. धरण आणि गांव हीं एकाच काळांत, एकाच डोंगराच्या काळ्या पाषाणांतून उभीं राहिलीं. आणि एकाच पहांटे दोघांचीहि परीक्षा झाली.

ती पहांट सोमवार, ११ डिसेंबर १९६७ ची. चार वाजून एकवीस मिनिटांनीं जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता ६.५ च्या घरांत मोजली गेली. थंडीचे दिवस, दारें लावलेलीं, माणसें गाढ झोंपेंत. कांहीं क्षणांत कोयनानगरांतील दहांपैकीं आठ घरें कोसळलीं किंवा राहण्यास निरुपयोगी झालीं. सुमारें १८० माणसें मृत्युमुखीं पडलीं, १,५०० हून अधिक जखमी झालीं. दूर मुंबईंत कोयनेची वीज बंद पडली. सूर्य उगवला तेव्हां सर्वांच्या मनांत एकच प्रश्न उभा होता: धरणाचें काय झालें?

हा प्रश्न सहजच सुचण्यासारखा होता. अवघ्या सहा वर्षांपूर्वीं, १२ जुलै १९६१ रोजीं, पानशेतचें मातीचें धरण फुटून पुण्यावर कोसळलेला लोंढा महाराष्ट्र विसरला नव्हता. कोयनेमागचा शिवसागर पानशेतहून कितीतरी मोठा. त्याची धारणशक्ति सुमारें २८० कोटी घनमीटर. खालीं पाटण, पुढें कऱ्हाड, त्याहून पुढें कृष्णाकांठची सांगली. धरण फुटलें असतें तर काय झालें असतें याचा विचार करण्यासहि धैर्य लागतें.

धरण फुटलें नाहीं, परंतु दुखावलें. या दुखण्याचें निदान आणि त्यावरील उपचार ही आपल्याकडील बांधकामाच्या इतिहासांतील एक मोठी हकीकत आहे.

कोयनेचें धरण गुरुत्वधरण या जातीचें आहे. तें कमानीनें किंवा खांबांनीं पाणी तोलीत नाहीं; केवळ आपल्या वजनानें पाण्याच्या रेट्यापुढें पाय रोवून उभें राहतें. काँक्रीटमध्यें मोठे दगड बसवून केलेलें हें बांधकाम. त्याच्या लांबींत ठराविक अंतरावर उभे सांधे ठेवलेले आहेत, म्हणून तें एकसंध भिंत नसून शेजारीं शेजारीं उभ्या केलेल्या खंडांची रांग आहे. मधले खंड पाणी सोडण्याच्या सांडव्याचे व त्यांच्या दोन्ही बाजूंचे न सांडणारे. भूकंपांत सांडव्याचे खंड बहुतांशीं शाबूत राहिले. भेगा पडल्या त्या न सांडणाऱ्या उंच खंडांना. त्याहि जेथें तेथें पडल्या नाहींत. माथ्यापासून सुमारें ३६ मीटर खालीं, जवळजवळ एकाच पातळींत आडव्या पडल्या. धरणाच्या पाण्याकडील अंगावर त्या दिसल्या, तशाच खालच्या अंगावरहि दिसल्या, आणि कांहीं ठिकाणीं पाणी पाझरूं लागलें.

एकाच पातळींत कां? याचें उत्तर धरणाच्या आकृतींत होतें. काम चालू असतांनाच धरणाची उंची वाढविण्याचा निर्णय झाला. त्यामुळें खालचा भाग आधींच्या बेतानें रुंद व वरचा भाग त्यामानानें उभट व बोजड असा छेद तयार झाला. धरणाची खालची बाजू उतरत येते ती या पातळीशीं एकदम उतार बदलते. देहाला मान असते तशी ही धरणाची मान. जमीन हालूं लागली म्हणजे पायथा जमिनीबरोबर जातो, माथा मागें राहूं पाहतो, आणि साऱ्या ओढाताणीचा भार मानेवर येतो. काँक्रीट दाबाला जितकें खंबीर, तितकेंच ताणाला दुबळें. तें मानेशीं फाटलें.

त्या पहांटे धरणाच्या आंतील भुयारी मार्गांत बसविलेलें एक यंत्र जमिनीची हालचाल टिपीत होतें. त्यानें नोंदविलेलें आडवें त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याच्या आसपास व एका दिशेंत त्याहूनहि अधिक होतें. धरणाचा आराखडा करतांना भूकंपासाठीं धरलेला भार वजनाच्या अवघा शेंकडा ५ होता. हे दोन आंकडे एकाच मापाचे नव्हेत, तरी त्यांतील अंतर बोलकें आहे. मात्र हा दोष कोणा एकट्यादुकट्याचा नव्हे. दक्षिणेचें पठार हें अचल, भूकंपाचें भय नसलेलें, असें त्या काळीं सर्वत्र मानलें जात होतें. जलाशय भरूं लागल्यापासून खोऱ्यांत धक्के जाणवूं लागले होते, भूकंपमापक यंत्रेंहि बसविलीं गेलीं होतीं. तथापि एवढ्या मोठ्या धक्क्याची अपेक्षा कोणीं केली नव्हती. कोयनेच्या त्या नोंदीवर पुढें रुरकीस अभ्यास झाला, अमेरिकेंत बर्कले येथें अनिल चोप्रा प्रभृतींनीं गणितें मांडलीं, आणि काँक्रीटच्या धरणांचा भूकंपांतील स्वभाव शिकविणारा धडा म्हणून कोयनेचें नांव जगभर गेलें.

आतां उपचार. पहिलें काम जलाशयाची पातळी उतरविण्याचें. पाण्याचा रेटा कमी झाल्याखेरीज भेगेला विसांवा नाहीं, आणि पाण्याखालची भेग उघडी पडल्याखेरीज तिला हात लावतां येत नाहीं. नंतर भेगा एपॉक्सी नांवाच्या कृत्रिम राळेनें भरण्यांत आल्या. साधें सिमेंटचें पातळ मिश्रण केसासारख्या बारीक फटींत शिरत नाहीं. त्याचे कण तोंडाशींच अडतात. राळ पातळ असल्यानें दाबाखालीं खोलवर जाते आणि घट्ट झाल्यावर दोन्ही अंगांना धरून ठेवते. हें काम चिकाटीचें असतें. भेगेचें तोंड बाहेरून बंद करावें लागतें, तिच्या वाटेवर छिद्रें पाडावीं लागतात, आणि एका छिद्रांतून घातलेली राळ दुसऱ्यांतून येईपर्यंत वाट पाहावी लागते.

परंतु भेग भरणें म्हणजे धरण बळकट करणें नव्हे. फाटलेलें वस्त्र त्याच ठिकाणीं रफू केलें, तरी ताण पुन्हां तेथेंच येणार. म्हणून दुसरी पायरी पोलादी तारांच्या दोरांची. धरणाच्या माथ्यावरून खालीं, भेगेच्या पातळीच्या पलीकडे, सरळ छिद्रें पाडलीं; त्यांत हे दोर सोडून त्यांचीं खालचीं टोकें निकोप काँक्रीटमध्यें पक्कीं केलीं; आणि वरचीं टोकें यंत्रानें ताणून जखडलीं. ताणलेला दोर आंखडूं पाहतो, त्यामुळें वरचा भाग खालच्यावर दाबला जातो. मग धक्का आला तर भेगेनें तोंड उघडण्यापूर्वीं तिला आधीं हा दाब संपवावा लागतो. पेटारा दोरीनें करकचून बांधावा तशीच ही युक्ति.

तरीहि हा तातडीचा इलाज होता. रोगाचें मूळ मानेंत होतें, तें तसेंच होतें. म्हणून तिसरी पायरी घेतली ती धरणाची आकृतीच बदलण्याची. न सांडणाऱ्या उंच खंडांच्या खालच्या अंगाला काँक्रीटच्या भक्कम टेकूभिंती चढविण्यांत आल्या व तें काम १९७३ पर्यंत पुरें झालें. जुन्या काँक्रीटला नवें जोडणें हें ऐकण्यास सोपें, करण्यास अवघड. नवें काँक्रीट घट्ट होतांना तापतें, मग निवतें आणि आकसतें. जुनें तर केव्हांच आकसून स्वस्थ झालेलें असतें. दोघांचें जमलें नाहीं तर सांधा सुटतो आणि टेकू नुसता शेजारीं उभा राहतो. यासाठीं जुना पृष्ठभाग खरवडून स्वच्छ करणें, सळयांनीं दोहोंस बांधणें आणि नव्या काँक्रीटची उष्णता आटोक्यांत ठेवणें हे अशा कामाचे नियमच होत. सांडव्याच्या भागाचें बळकटीकरण पुष्कळ उशिरां झालें. तें २००६ मध्यें पुरें झालें.

येथवर धरणाची हकीकत झाली. परंतु त्या पहांटे धरणाच्या भेगेनें एकहि मनुष्य दगावला नाहीं. माणसें मेलीं तीं घरांच्या भिंतींखालीं.

तीं घरें कशीं होतीं? ओबडधोबड दगडांच्या, चिखलांत किंवा हलक्या चुन्यांत रचलेल्या भिंती. वर कौलें किंवा पत्रे. सह्याद्रीच्या आश्रयाला पिढ्यानपिढ्या अशींच घरें बांधलीं जात आलीं आहेत. पावसाला व थंडीला तीं पुरून उरतात. वजन सरळ खालीं येत असतें तोंवर ही भिंत शंभर वर्षें टिकते. पण तिच्या अंतरंगांत एक वैगुण्य असतें. ती एक भिंत नसते, दोन असतात: बाहेरची एक फळी, आंतली एक, आणि दोहोंमध्यें लहान दगडांचा व मातीचा भराव. दोन्ही फळ्यांना बांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड मध्यें मध्यें घातला नसेल, तर जमीन हालतांच फळ्या एकमेकींपासून सुटतात, भराव खालीं बसतो, भिंत पोट काढते आणि ढासळते. कोपऱ्यावर दोन भिंतींचे दगड एकमेकांत गुंफलेले नसले तर कोपरा उसवतो. छप्पर भिंतींना जखडलेलें नसलें तर तें त्यांना धरून ठेवण्याऐवजीं त्यांच्याबरोबर खालीं येतें.

उपाय अवघड नाहीं व फार खर्चाचाहि नाहीं. हातभर अंतरावर आरपार दगड. कोपऱ्यांत लांब दगडांची गुंफण. आणि दारांखिडक्यांच्या माथ्यावरून साऱ्या घराभोंवतीं फिरणारा लांकडाचा किंवा सळईच्या काँक्रीटचा एक अखंड पट्टा. पिंपाला लोखंडी कडें असतें तसा हा पट्टा चारी भिंतींना एकत्र धरतो. उभ्या असलेल्या जुन्या घरासहि हा उपचार करतां येतो. पोट निघालेला भाग उतरवून पुन्हां रचावा. शाबूत भिंतींत जागोजागीं आरपार भोंकें पाडून त्यांत सळई घालावी व काँक्रीट भरावें. कोपऱ्यांवर आणि दारांच्या माथ्यावर तारेची जाळी ठोकून सिमेंटचा गिलावा करावा. भेगा प्रथम पाण्यानें धुवून मग सिमेंटच्या पातळ मिश्रणानें भराव्यात. नुसता वरून गिलावा ओढून भेग झांकणें म्हणजे रोग्याच्या अंगावर शाल पांघरणें होय. बाहेरून बरें दिसतें इतकेंच.

हें ज्ञान तेव्हां नवें नव्हतें. भूकंपाला टिकणाऱ्या घरांविषयींची भारतीय मानक संस्थेची संहिता १९६७ मध्येंच, म्हणजे कोयनेच्या वर्षींच, प्रसिद्ध झाली होती. कोयनेनंतर देशाच्या भूकंपप्रवणतेचा नकाशा बदलला आणि १९७० च्या सुधारित संहितेंत हें खोरें चौथ्या विभागांत गेलें. परंतु संहिता अभियंत्याच्या कपाटांत असते आणि गांवचें घर गवंड्याच्या हातांत. त्या दोहोंमधील वाट कोणीं फारशी तुडविली नाहीं. धरणाच्या भेगेपाशीं जगांतले तज्ज्ञ येऊन गेले. कोसळलेल्या भिंतींच्या ढिगाऱ्यांतून दगड वेंचून लोकांनीं पुन्हां भिंती रचल्या, आणि ज्याला जें येत होतें तेंच त्यानें केलें.

या दुर्लक्षाची किंमत दुसऱ्याच कोठें तरी मोजावी लागली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. त्याची तीव्रता कोयनेहून थोडी कमीच होती, तरी हजारों माणसें प्राणांस मुकलीं. तेथेंहि पहांटेची वेळ, तेथेंहि चिखलांतल्या रुंद दगडी भिंती, वर जड मातीचें धाबें. लातूर व उस्मानाबाद हे जिल्हे तेव्हां सर्वांत कमी धोक्याच्या विभागांत गणले जात असल्यानें तेथें कोणी सावध नव्हतें. मात्र या वेळीं डोळे उघडले. जुन्या घरांची दुरुस्ती व बळकटीकरण यांसाठीं त्याच वर्षीं स्वतंत्र मानक आलें, आणि आरपार काँक्रीटच्या खुंट्या, जाळीचे पट्टे हे उपाय गवंड्यांना प्रत्यक्ष करून दाखविण्याचें काम मराठवाड्यांत झालें. कोयनेच्या वेळीं राहून गेलेली वाट सव्वीस वर्षांनीं चालूं लागली.

कोयनेचें खोरें आजहि स्वस्थ नाहीं. जलाशयामुळें चेतलेल्या भूकंपांचें हें जगांतील एक ठळक उदाहरण मानलें जातें, आणि लहानमोठे धक्के येथें अद्याप येत असतात. त्यामुळें येथील दुरुस्ती एकदां करून विसरण्याजोगी नाहीं. धरणाच्या भुयारांत पाझर मोजला जातो, भेगांवर लक्ष ठेवलें जातें. धरणाला त्याचे वैद्य आहेत. घराला वैद्य एकच, तो म्हणजे त्यांत राहणारा. प्रत्येक धक्क्यानंतर त्यानें आपल्या भिंतीभोंवतीं एकदां फिरावें, कोपऱ्यावर हात फिरवावा, ओळंबा सोडून भिंतीचें पोट पाहावें, आणि भेग दिसली तर ती बुजविण्यापूर्वीं ती तेथेंच कां पडली हें स्वतःला विचारावें. धरणाच्या मानेवरील भेगेला हा प्रश्न विचारला गेला, म्हणून धरण आज उभें आहे. घराच्या भिंतीची योग्यता त्याहून कमी नाहीं. तिच्या आड माणसें निजलेलीं असतात.