चुन्याच्या नावावर

गोटमारीचे गाव म्हटले की सावरगाव कुठे आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड उभे राहते, त्यावर झेंडा लागतो, आणि अलीकडून सावरगाव व पलीकडून पांढुर्णा एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. कोणी म्हणतो परंपरा, कोणी म्हणतो वेड. प्रशासनाने मध्यंतरी दगडांऐवजी रबरी चेंडूही देऊन पाहिले. चेंडू राहिले बाजूला, दगड तेच. या खेळाला पंच नाही, की नियमांचे पुस्तक नाही. जखमी कोण व्हायचे, हे दगडच ठरवतो.

पण आज मला गोटमारीविषयी लिहायचे नाही. ज्या खेळाला पंच असतो, नियम असतो आणि दंडही असतो, तिथे तरी जखम बरोबर माणसाला होते का, हा प्रश्न मला चाळीस वर्षे छळतो आहे. त्याचे मूळ आमच्या गावच्या कबड्डीत आहे.

तेव्हा मी कॉलेजात होतो आणि आमच्या मंडळाचा हिशेब माझ्याकडे होता. सौंसरकडच्या एका गावात स्पर्धा होती. अट स्पष्ट लिहिलेली होती : खेळाडू गावचेच हवेत, पैसे देऊन आणलेला चालणार नाही. आमच्या मंडळाने नागपूरकडून दोन गडी आणले. दोघांना दिवसाचे पंचाहत्तर रुपये, वर बसभाडे. वहीत मी लिहिले, "मैदान आखणीचा चुना व नारळ." दुसऱ्याच सामन्यात आयोजकांपैकी एका म्हाताऱ्या गुरुजींना शंका आली. ते मला म्हणाले, "भाऊ, हे पोट्टे तुमच्या गावचे नाहीत. वही दाखव बरं."

वही पिशवीतच होती. मी म्हणालो, "वही घरी राहिली, गुरुजी."

मंडळाला दोन वर्षांची बंदी झाली. ते दोन्ही गडी पुढच्याच रविवारी दुसऱ्या गावाकडून खेळले. बंदी भोगली ती आमच्या धाकट्या पोरांनी. त्यात माझा चुलतभाऊ होता. सकाळ-संध्याकाळ जामच्या वाळूत दम धरायचा सराव करी. दोन वर्षांनी तो कामाला लागला आणि खेळ सुटला. त्याने मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

पुढे नोकरीच्या निमित्ताने वाचनाची सवय लागली आणि खेळांच्या इतिहासात डोकावताना मला आमचीच वही इंग्लंडात सापडली.

फुटबॉलपटूंनी पैसे घ्यावेत की नाही, यावर इंग्लंडात आधी मोठे वादळ झाले. १८८५ साली पैसे घेऊन खेळणे अधिकृत झाले. मग भीती निर्माण झाली की श्रीमंत क्लब सगळे चांगले खेळाडू उचलतील. आपल्याकडे एकाच व्यापाऱ्याने सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंतचे सारे संत्र्याचे बगीचे सौद्यात घेतले तर बाजार तो काय उरेल? तसेच ते. म्हणून १९०१ पासून खेळाडूच्या पगाराला आठवड्याला चार पौंडांची कमाल मर्यादा घातली गेली. मर्यादा आली की तिला चुकवायची वाटही आलीच.

पहिल्या महायुद्धाच्या काळात तर पगार देण्यावरच बंदी होती. फक्त प्रत्यक्ष खर्च द्यायचा. लीड्स सिटी या क्लबने खेळाडूंना गुपचूप पैसे दिल्याचा आरोप १९१९ साली झाला. आरोप करणारा चार्ली कोपलंड हा त्यांचाच खेळाडू, पगारावरून क्लबशी बिनसलेला. चौकशी समितीने क्लबला सांगितले, हिशेबाच्या वह्या आणा. क्लबने वह्या दिल्या नाहीत.

तेवढ्यावर शिक्षा झाली. १३ ऑक्टोबर १९१९ रोजी लीग स्पर्धेतून लीड्स सिटीची हकालपट्टी झाली. हंगामाचे आठ सामने झालेले होते. उरलेले सामने पोर्ट व्हेल या क्लबकडे गेले. चार दिवसांनी, १७ ऑक्टोबरला, लीड्सच्या मेट्रोपोल हॉटेलात खेळाडूंचा लिलाव झाला. बैलबाजारासारखे दुसऱ्या क्लबांचे लोक आले आणि बोली लावून माणसे घेऊन गेले. खेळाडूंना निदान नवे घर मिळाले. गावाचा क्लब मात्र गेला. वह्या लपवणारे मूठभर होते, आणि शनिवारी मैदानावर जाणारे हजारो लोक मोकळे झाले. लीड्सकरांनी त्याच महिन्यात लीड्स युनायटेड नावाचा नवा क्लब उभा केला, ही त्यांची जिद्द.

दुसरे प्रकरण १९५७ चे, संडरलंडचे. तिथली युक्ती वाचून मी वाचनालयात मोठ्याने हसलो आणि लगेच गप्प झालो. हा क्लब खेळाडूंना मर्यादेपेक्षा जास्त पैसे देत होता. तो पैसा कुठून काढायचा? थंडीत मैदान गोठू नये म्हणून त्यावर गवताचा पेंढा पसरतात. त्या पेंढ्याची बिले फुगवायची आणि वरचा पैसा खेळाडूंना द्यायचा! माझा चुना, त्यांचा पेंढा. क्लबला पाच हजार पौंड दंड झाला, अध्यक्षांवर बंदी आली. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, क्लब इतिहासात पहिल्यांदा खालच्या विभागात घसरला. जानेवारी १९६१ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केली तेव्हा ती कमाल मर्यादाच रद्द झाली. तोवर ती आठवड्याला वीस पौंडांवर आली होती. म्हणजे ज्या गुन्ह्यासाठी संडरलंड बदनाम झाले, तो चार वर्षांत गुन्हाच उरला नाही.

या दोन्ही ठिकाणी नियम लिहिलेला होता आणि वही झाकलेली होती. त्याच्या नेमके उलटे प्रकरण अमेरिकेत घडले. तिथला फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात धरून पळण्याचा खेळ. त्यांच्या एनएफएल या लीगमध्ये प्रत्येक संघाने पगारावर किती खर्च करावा, यावर मर्यादा असते. मालक आणि खेळाडूंच्या संघटनेचा करार फिसकटल्यामुळे २०१० हे एक वर्ष बिनमर्यादेचे ठरले. लीगने मालकांना आडून समजावले होते की याचा फायदा घेऊ नका. पण डॅलस आणि वॉशिंग्टन या संघांनी पुढच्या वर्षांचे पगार त्याच वर्षात आणून ठेवले. डॅलसने माइल्स ऑस्टिन या एका खेळाडूला त्या वर्षी सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर पगार लावला. यातले काही लपलेले नव्हते. हे करार लीगच्याच कचेरीत गेले आणि लीगनेच ते मंजूर केले.

दोन वर्षांनी, मार्च २०१२ मध्ये, शिक्षा आली. पुढच्या दोन हंगामांच्या पगारमर्यादेतून वॉशिंग्टनचे ३ कोटी ६० लाख आणि डॅलसचे १ कोटी डॉलर कापले गेले. ती रक्कम २८ संघांना प्रत्येकी १६ लाख अशी वाटून दिली. दोन्ही संघ म्हणाले, जो नियम त्या वर्षी अस्तित्वातच नव्हता, तो आम्ही मोडला कसा? प्रकरण स्टीफन बरबँक या लवादापुढे गेले. मे २०१२ मध्ये त्यांनी तक्रार फेटाळली. कारण असे की, या कपातीला खेळाडूंच्या संघटनेनेही संमती दिली होती. गंमत पाहा, निकालानंतर त्याच संघटनेने कोर्टात दावा लावला की, मालकांनी २०१० मध्ये छुपी मर्यादा पाळून खेळाडूंचे पैसे मारले!

इथे वही उघडी होती आणि नियम झाकलेला. शिक्षा तरीही झालीच.

मग शिक्षेचे माप कोणते? तोही वाद आहे. इंग्लंडच्या एव्हर्टन क्लबने ठरलेल्या तोट्यापेक्षा जास्त तोटा केला म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याचे १० गुण कापले गेले. अपिलात, फेब्रुवारी २०२४ मध्ये, तेच ६ झाले. अपराध तोच, वह्या त्याच. माप मात्र तीन महिन्यांत बदलले.

काही जण म्हणतात, हे सारे सोडून द्या, ज्याच्याकडे पैसा त्याचा संघ. मला ते पटत नाही. मर्यादा नसेल तर लहान गावांनी मैदानात उतरूच नये. पण दंड करणाऱ्याने आधी नियम भिंतीवर लिहावा, आणि खेळवणाऱ्याने वही चौकात ठेवावी. यातले एक जरी चुकले तरी दंड गोटमारीच्या दगडासारखा होतो. फेकणारा एक, लागतो भलत्यालाच.

त्या गुरुजींचा नियम लिहिलेला होता. त्यांचे काही चुकले नाही. वही माझी झाकलेली होती.

२०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, आपल्या नव्या कचेऱ्या आल्या. सातबाऱ्याला आपण घरी सातबारा म्हणतो आणि तहसिलीत खसरा. दोन भाषांत हिशेब ठेवायची आपल्याला सवय आहे. ती वाईट नाही. पण एकच खर्च दोन नावांनी लिहिण्याची सवय वाईट.

ती वही अजून माझ्या ट्रंकेत आहे. मागच्या दिवाळीत चुलतभाऊ नातवाला घेऊन फराळाला आला होता. पोरगा शाळेच्या कबड्डी संघात आहे. मी वही काढली, ते पान उघडले आणि भावापुढे ठेवले. त्याने चष्मा लावून वाचले. "चुना व नारळ, तीनशे साठ," तो म्हणाला. "एवढ्या चुन्यात तर पांढुर्ण्यापर्यंत रेघ आखून झाली असती, दादा."

मग त्याने खिशातला पेन काढून मला दिला. मी चुन्यावर काट मारली आणि वर खरे लिहिले.