पाण्यातून निघालेला जहाजी दिवा कोणत्या जहाजाचा?

१/ भंडारा जिल्ह्याची ओळख पितळेच्या भांड्यांशी जोडलेली आहे. समुद्र येथून शेकडो कोस दूर. वैनगंगेचे पाणी प्राणहिता आणि गोदावरीच्या वाटेने कोठे बंगालच्या उपसागरास मिळते. तरीही येथील कासारांच्या हातातील धातू आणि जुन्या जहाजी दिव्यांचा धातू बहुधा एकच असतो. पितळ लोखंडासारखे गंजत नाही आणि होकायंत्राच्या सुईलाही विचलित करीत नाही. म्हणून जहाजांनी ते जवळ केले.

२/ असा दिवा पाण्याखाली सापडला, तर तो कोणत्या काळाचा, कोणत्या देशाचा, कोणत्या जहाजाचा, हे कसे ठरवावे? दिव्यावर जहाजाचे नाव क्वचितच असते. उत्तर शोधावे लागते ते काच, वात, ठसा आणि धातूच्या झिजेत.

३/ प्रथम काच. जहाजाच्या डाव्या बाजूस लाल, उजव्या बाजूस हिरवा आणि डोलकाठीवर पांढरा दिवा, ही रीत ब्रिटिश नौदलखात्याने १८४८ मध्ये आगबोटींसाठी बंधनकारक केली, तर १८५८ मध्ये बाजूचे रंगीत दिवे शिडाच्या जहाजांसाठीही बंधनकारक केले. पुढे इतर देशांनीही हीच पद्धत स्वीकारली. त्यामुळे लाल-हिरव्या जोडीतील दिवा बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा असतो.

४/ प्रकाशाचा कोनही बोलका असतो. बाजूचा दिवा ११२.५ अंशांत दिसतो, डोलकाठीवरचा २२५ अंशांत. म्हणून दिव्याचा काही भाग पत्र्याने बंद केलेला असतो. तो उघडा भाग मोजला की दिवा जहाजावर कोठे टांगला होता, हे कळते. भिंगावर कड्यांसारख्या उभारलेल्या रेषा असतील, तर ते फ्रेनेलच्या पद्धतीचे भिंग होय. फ्रेंच शास्त्रज्ञ ओगुस्तँ फ्रेनेल याने ते दीपगृहांसाठी सिद्ध केले आणि १८२३ मध्ये कोर्दुआँच्या दीपगृहात ते प्रथम उजळले.

५/ नंतर आतील वात. वनस्पतिजन्य किंवा देवमाशाच्या तेलाचा दिवा आणि रॉकेलचा दिवा यांची रचना वेगळी असते. रॉकेलचा प्रसार १८५० नंतरचा. मात्र पुष्कळ जुन्या दिव्यांत पुढे विजेचे बल्ब बसवले गेले. म्हणून बाहेरचे कवच आणि आतील यंत्रणा यांचा काळ स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

६/ मग ठसा. येथे घाई करणारा हमखास फसतो. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव लिहिणे आवश्यक ठरले. त्यामुळे देशाचे नाव असलेला दिवा बहुधा त्यानंतरचा. परंतु दिवा इंग्लंडचा म्हणून जहाजही इंग्लंडचे, असे मुळीच नाही. दिवे जगभर विकले जात.

७/ याचा धडा गोव्याजवळ मिळतो. सेंट जॉर्ज रीफजवळील बुडालेल्या जहाजाच्या ठिकाणी दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना कौले, फरशा, खांबांचे पोकळ तुकडे असा भाजक्या मातीचा माल आढळला. त्यांवर बासल मिशनच्या कौल कारखान्याचा ठसा आणि १८६५ हे साल होते.

८/ वरवर पाहता जहाज १८६५ चे वाटेल. पण ते साल कारखान्याच्या स्थापनेचे आहे. म्हणजे माल त्यानंतर केव्हाही घडलेला असू शकतो. ठसा एवढेच सांगतो, की जहाज १८६५ पूर्वी बुडालेले नाही आणि माल मंगळूर-मलबारच्या बाजूने आला. खालची मर्यादा मिळाली, नेमकी तारीख नाही. दिव्यावरील आकड्याचीही नेमकी अशीच चिकित्सा करावी लागते.

९/ धातूची झीजही साक्ष देते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. खाऱ्या पाण्यात दीर्घकाळ राहिल्यास जस्त विरघळून निघते आणि मागे तांबूस, सच्छिद्र धातू उरतो. वर समुद्री शिंपल्यांचे आणि किड्यांच्या नळ्यांचे कवच चढते. ते कवच घासून चकचकीत करणारा माणूस दिव्याची जन्मकुंडलीच पुसून टाकतो.

१०/ ठिकाण किती महत्त्वाचे, हे अमेरिकेच्या मॉनिटर या युद्धनौकेने दाखवले. ३१ डिसेंबर १८६२ च्या पहाटे ती वादळात बुडाली. १६ जण मृत्युमुखी पडले. मदतीस आलेल्या र्‍होड आयलंड जहाजावरील लोकांना शेवटी दिसला तो तिचा लाल दिवा. १९७३ मध्ये तिचे अवशेष सापडले आणि १९७७ मध्ये पाणबुड्यांनी वर आणलेली पहिली वस्तू होती लाल काचेचा कंदील. तो अवशेषांच्या ठिकाणी मिळाला म्हणूनच त्या रात्रीची कथा त्याच्याशी जोडता आली. बाजारात मिळाला असता, तर तो केवळ एक जुना कंदील ठरला असता.

११/ बाजाराचा धोका येथेच आहे. मुंबईच्या दारूखान्यात आणि गुजरातेतील अलंगला जहाजे मोडली जातात. तेथील खरे दिवे चोर बाजारात येतात. मुरादाबाद आणि रुरकीकडे जहाजी वस्तूंच्या नव्या प्रतिकृतीही घडतात. म्हणून तळ्यात सापडलेला प्रत्येक जहाजी दिवा बुडालेल्या जहाजाचा नसतो. तो कोणी विकत आणून टाकलेलाही असू शकतो.

१२/ अशी वस्तू सापडली, तर ती घासू नये, उचलण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे, जागा व खोली टिपून ठेवावी आणि जिल्हाधिकारी किंवा पुरातत्त्व विभागास कळवावे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुनी अशी वस्तू पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार आणि निर्यात कायद्याच्या बंधनात येते.

१३/ पितळ वितळवले की त्याचे पुन्हा भांडे होते. पण दिव्यावरचे मळलेले कवच, भिंगाची कडी आणि ठशाची अक्षरे एकदा नष्ट झाली, की ती कोणत्याही भट्टीतून परत निघत नाहीत. ज्या माणसांनी त्या दिव्याच्या उजेडात शेवटचा समुद्र पाहिला, त्यांच्यापर्यंत नेणारी वाट तेवढीच असते.