वसई किनाऱ्यावरील सागरी हवामान व इशारे

वसई तालुक्याचा (पालघर जिल्हा, महाराष्ट्र) किनारा दक्षिणेस वसईची खाडी आणि उत्तरेस वैतरणा नदीची खाडी यांच्या दरम्यान अरबी समुद्राला लागून आहे. नायगाव, पाचूबंदर, किल्लाबंदर व अर्नाळा ही येथील मासेमारीची प्रमुख ठिकाणे होत. या किनाऱ्यावरील वारे, लाटा, भरती-ओहोटी व चक्री वादळे आणि त्यांविषयी दिले जाणारे इशारे यांची माहिती या लेखात दिली आहे. वसई गावातील होळी बाजारात दिसणारी मासळी असो वा अर्नाळ्याच्या वाळूवर सुकणारा बोंबील, दोन्ही याच हवामानावर अवलंबून असतात.

वारे आणि लाटा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात येथे प्रामुख्याने उत्तरेकडील वारे वाहतात व समुद्र बहुधा शांत असतो. रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे, तर दुपारनंतर समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात. यंत्रे येण्यापूर्वी शिडाच्या होड्या पहाटे मतलईवर बाहेर पडत आणि खाऱ्या वाऱ्यावर परतत. जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे स्थिरावले की समुद्र खवळतो व ऑगस्टपर्यंत तसाच राहतो.

स्थानिक वारा नसतानाही मोठ्या लाटा येऊ शकतात. हिंदी महासागराच्या दक्षिण भागातील वादळांतून निघालेले लांब लाटांचे लोट काही दिवसांत भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचतात. केरळात यास ‘कल्लक्कडल’ म्हणजे चोरपावलांनी येणारा समुद्र असे म्हणतात. मे २०२४ च्या आरंभी अशा लाटांचा इशारा मुंबईच्या किनाऱ्यासही देण्यात आला होता.

भरती-ओहोटी

येथे दिवसातून दोन वेळा भरती व दोन वेळा ओहोटी येते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या मोठ्या भरतीस उधाण, तर अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीस भांग म्हणतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची स्थूल वेळ मिळते, हा कोकणातील जुना हिशेब. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. छापील भरती-कोष्टकांशी तो पुष्कळसा जुळतो.

डोल जाळ्याची मासेमारी या प्रवाहावरच चालते. समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना बांधलेल्या या जाळ्यात प्रवाहाबरोबर मासळी शिरते, म्हणून उधाणाचे दिवस कामाचे मानले जातात. धोकाही त्याच दिवसांत अधिक. ओहोटीचे पाणी वेगाने खाडीबाहेर पडत असता समोरून नैर्ऋत्येचा वारा आला, तर खाडीच्या मुखाशी उंच व फुटणाऱ्या लाटा उठतात. खुल्या समुद्रासाठी दिलेल्या अंदाजात मुखावरची ही स्थिती दिसत नाही. तेथे नाखव्याचा अनुभवच उपयोगी पडतो.

चक्री वादळांचे हंगाम

अरबी समुद्रात चक्री वादळे मुख्यतः एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या दोन काळांत निर्माण होतात. बंगालच्या उपसागराच्या तुलनेत त्यांची संख्या कमी असते. ऐन पावसाळ्यात वातावरणाच्या खालच्या व वरच्या थरांतील वाऱ्यांच्या दिशा व वेग यांत मोठा फरक पडत असल्याने ती सहसा आकार घेत नाहीत. बहुतेक वादळे ओमानकडे किंवा गुजरातकडे वळतात, महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर थोडीच आदळतात. नोव्हेंबर १९४८ मधील मुंबईचे वादळ, ११ नोव्हेंबर २००९ रोजी अलिबाग व मुंबई यांदरम्यान किनारा ओलांडणारे ‘फयान’ आणि ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनजवळ धडकलेले ‘निसर्ग’ ही त्यांतील काही होत.

वादळ किनाऱ्यावर न येताही मोठी हानी होते. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ मुंबईच्या समुद्रातून उत्तरेकडे गेले व त्याच रात्री गुजरातमध्ये दीव व उना यांदरम्यान धडकले. भारतीय हवामान विभागाने काही दिवस आधीच इशारे दिले असतानाही मुंबई हाय तेलक्षेत्राजवळ राहिलेला ‘पी-३०५’ हा तराफा बुडाला. त्यावरील २६१ जणांपैकी १८६ जण वाचवले गेले.

इशाऱ्यांची पद्धत

चक्री वादळांची पूर्वसूचना भारतीय हवामान विभाग देतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यासाठी हे काम विभागाच्या मुंबई येथील केंद्राकडे आहे. लाटांची उंची, प्रवाह व मासळीची संभाव्य क्षेत्रे यांविषयीचे अंदाज हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र प्रसिद्ध करते. ताशी ३१ ते ५० किमी वाऱ्याच्या प्रणालीस अवदाब, ५१ ते ६२ किमीच्या प्रणालीस तीव्र अवदाब आणि ६३ किमीपासून पुढे चक्री वादळ म्हणतात. मच्छीमारांना मात्र वादळाच्या नावाची वाट पाहावी लागत नाही. ताशी ४५ ते ५५ किमी वेगाचे सोसाट्याचे वारे अपेक्षित असले तरी समुद्रात न जाण्याचा सल्ला दिला जातो.

बंदरांवर १ ते ११ क्रमांकांचे बावटे लावतात. पहिले दोन दूरवरच्या वादळाचे, तिसरा व चौथा स्थानिक धोक्याचे. पाच ते सात धोक्याचे, आठ ते दहा महाधोक्याचे आणि अकरावा हवामान केंद्राशी संपर्क तुटल्याचा. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ हे वाक्य कोकण किनाऱ्यावर आजही प्रचलित आहे, पण त्याचा अर्थ पुष्कळदा ‘मोठे वादळ आले’ असा केला जातो. वास्तविक तो प्राथमिक सावधगिरीचा संकेत आहे.

इशारा होडीपर्यंत पोहोचणे

अंदाजांची अचूकता वाढली असली तरी शेवटचा टप्पा कठीण आहे. भ्रमणध्वनीचे जाळे किनाऱ्यापासून काही किलोमीटरच मिळते, आणि मोठ्या होड्या कित्येक दिवस त्यापलीकडे असतात. ३० नोव्हेंबर २०१७ रोजी कन्याकुमारीजवळ ‘ओखी’चे चक्री वादळात रूपांतर झाले, तेव्हा केरळ व तमिळनाडूच्या शेकडो होड्या आधीच खोल समुद्रात होत्या. त्यांतील अनेक सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड बंदरात आश्रयास आल्या. त्यानंतर २०१९ मध्ये उपग्रहाद्वारे संदेश देणारे ‘जेमिनी’ हे उपकरण आणण्यात आले. बिनतारी संच, आकाशवाणी, मत्स्यव्यवसाय विभाग व मच्छीमार सहकारी संस्था हे इतर मार्ग होत.

डोलकऱ्यांना इशारा लवकर मिळणे विशेष महत्त्वाचे आहे. खुंटांना बांधलेली जाळी काढून आणण्यास वेळ लागतो. काही तासांची सूचना मिळाल्यास होडी वाचते, पण जाळी गमावण्याची पाळी येते.

यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीबंदी असते. परंपरेने हंगाम नारळी पौर्णिमेला, म्हणजे बहुधा ऑगस्टमध्ये सुरू होतो. बंदी उठण्याची तारीख आणि समुद्र निवळण्याची वेळ यांत त्यामुळे अनेकदा अंतर पडते, आणि पहिल्या आठवड्यात बाहेर पडणाऱ्या होड्यांना त्या काळातील इशाऱ्यांकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

सुकी मासळी

सागरी अंदाजाचा उपयोग होडीपुरता मर्यादित नाही. पावसाळ्यानंतर बोंबील, जवळा इत्यादी मासळी उन्हात सुकवली जाते व हे काम मुख्यतः स्त्रिया करतात. बोंबील सुकण्यास काही दिवस कडक ऊन लागते. दूरच्या समुद्रातील वादळामुळे ढग येऊन अवकाळी सरी पडल्या, तर वाळत घातलेली मासळी भिजते व ती खाण्यायोग्य राहत नाही. अशा वेळी आदल्या दिवशी मिळालेली पावसाची सूचनाही माल उचलून आडोशाला नेण्यास पुरेशी ठरते.