नगरवाढीचा इतिहास : लंडन आणि मुंबई

माणूस गाव का सोडतो, हा प्रश्न आपल्या ज्ञातिबांधवांस परका नाही. ज्या घरातील आजोबा किंवा पणजोबा पोटासाठी आगबोटीने अथवा आगगाडीने मुंबईस आले नाहीत, असे घर आपल्यांत विरळाच. परंतु हा प्रवास केवळ आपला नव्हे. गेल्या दोन शतकांत जगातील असंख्य कुटुंबांनी तो केला आहे.

यंत्रयुगात त्याचा आरंभ इंग्लंडात झाला. सामाईक गायरानांस कुंपणे पडल्यामुळे लहान शेतकऱ्याचा आधार तुटला आणि कारखान्यांस मजूर हवे झाले. १८०१ साली सुमारे दहा लाख वस्तीचे लंडन १९०१ साली पासष्ट लाखांवर गेले. माणसे आली, पण त्या मानाने शुद्ध पाणी व गटारे आली नाहीत. १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरात पटकीने सहाशेंहून अधिक माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी करून रोगाचे मूळ तेथील पंपाच्या पाण्यात असल्याचे दाखविले. तथापि सत्ताधाऱ्यांस खरी जाग आली ती १८५८ च्या उन्हाळ्यात, थेम्सची दुर्गंधी पार्लमेंटात शिरली तेव्हा! त्यानंतरच जोसेफ बॅझलजेट यांची भुयारी गटारांची योजना मार्गी लागली.

मुंबईतही तोच क्रम दिसतो. १८५३ साली आगगाडी सुरू झाली. १८५४ साली कावसजी दावर यांनी कापडगिरणीची कंपनी काढली. कोकणात वाटण्या होऊन जमीन अपुरी पडली, घाटावर अवर्षणाने पीक बुडाले, आणि माणसे गिरणगावाकडे लोटली. एकेका खोलीत अनेक बिऱ्हाडे राहू लागली. १८९६ साली प्लेग आला. सव्वाआठ लाखांची वस्ती १९०१ च्या शिरगणतीत पावणेआठ लाखांवर उतरली. १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याची आखणी केली. परंतु ज्या गरिबांच्या खोल्या पाडल्या, त्यांना त्या प्रमाणात घरे मिळाली नाहीत. त्यांनी जवळपासच्या चाळींत अधिकच दाटी केली.

अशा वेळी नवख्याला आसरा दिला तो गावकीच्या खोल्यांनी आणि खानावळ चालविणाऱ्या कष्टाळू बायांनी. नगरपित्यांच्या हिशेबात न बसलेले हे कार्य आम्ही नगराच्या इतिहासाचेच एक पान मानतो.

संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे जगातील शेकडा ५५ लोक नगरवासी होते. १९५० साली ते प्रमाण शेकडा ३० होते. गावची शेती पोट भरीनाशी झाली व शहरात मजुरी मिळाली की माणूस निघणारच. त्याला दोष देऊन हा ओघ थांबत नाही. तो येण्यापूर्वी पाणी, निवारा व गटारे यांची तजवीज करावी, हाच दोन्ही नगरांच्या इतिहासाचा बोध होय. लंडनास तो दुर्गंधीने शिकविला, मुंबईस प्लेगने. आपल्या पूर्वजांनी त्या दाटीत दिवस काढले. म्हणून आज झोपडपट्टीत नव्याने आलेल्या माणसाकडे उपरा म्हणून पाहणे आपणांस तरी शोभत नाही, असे आम्हांस वाटते.