राखणदारच चोरीला गेला

आज ऊस, खत, पाणी यावर काही नाही. आज चोरीवर लिहायचंय, आणि जरा मागं जाऊन लिहायचंय.

२०२४ चा उन्हाळा आठवा. उजनी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती. जुन्या पळसदेवचं देऊळ उघडं पडलं. डाळजच्या काठावरनं पाणी दिसेनासं झालं. अशा वेळी आपण काठावरचे शेतकरी पाण्याच्या मागं जातो. चारी खोदायची, मोटार पुढं न्यायची, पाईप आणि केबल वाढवायची. माझी एरवी तीनशे फूट लागणारी केबल त्या मे महिन्यात हजार फुटांवर गेली. घर लांब, वस्ती लांब, खाली नुसता भेगाळलेला गाळ.

आमच्याकडं मोटारी, केबली जायचं प्रमाण वाढलं होतं म्हणून मी एक कॅमेरा घेतला. बिबट्याचा माग घ्यायला वनखातं झाडाला बांधतं ना, तसला. समोरनं अंगात ऊब असलेलं काही हललं की आपोआप फोटो काढतो, रातचासुद्धा. जुन्या काठावरच्या बाभळीला पट्ट्यानं आवळून बांधला. पहिले आठ दिवस मजा वाटली. कोल्हं आलं, कुत्री आली, पहाटे जाळी घेऊन जाणारे मच्छीमार आले, एकदा मीच आलो.

नवव्या दिवशी गेलो तर बाभळीला पट्ट्याचा कापलेला तुकडा लोंबत होता. कॅमेरा गायब. दुसऱ्याच रात्री केबल गेली. चोराचा फोटो निघाला असणारच हो, पण तो कॅमेऱ्यातल्या कार्डावर, आणि कार्ड कॅमेऱ्याबरोबर गेलं!

लोक हसले, मीही हसलो. पण हिशेब केला तेव्हा हसू गेलं. चार चौरस मिलिमीटरच्या तीन तारांच्या केबलमध्ये मीटरमागं साधारण शंभर ग्रॅम तांबं असतं. हजार फूट म्हणजे तीनशे मीटर, म्हणजे तीस-बत्तीस किलो तांबं. वरचं प्लॅस्टिक जाळलं की ते कुणाचं होतं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आणि नवी केबल येईपर्यंत नऊ दिवस ऊस तहानलेला.

त्या दिवशी काठावर दहा-बारा जण जमले. कुणीतरी म्हणालं, "त्या पालावर बघा आधी." रस्त्याच्या कडेला एका पारधी कुटुंबाचं पाल होतं. खरं सांगतो, ते वाक्य दुसऱ्या कुणी बोललं नसतं तर मीच बोललो असतो. आम्ही तिथं गेलो. शिवीगाळ केली नाही, पण पालाभोवती उभं राहून सगळं न्याहाळलं. त्यांच्यातली म्हातारी काही बोलली नाही. तिनं स्वतःहून एकेक गाठोडं सोडून दाखवलं. त्यात आमचं काही नव्हतं.

ती गाठोडी डोक्यातनं जाईनात, म्हणून जुन्या गोष्टी विचारायला आणि वाचायला लागलो. रानातल्या वस्तूंची राखण पूर्वी कोण करायचं?

आपल्या बोलीत रान म्हणजे जंगल आणि रान म्हणजे शेतही. रानात ठेवलेली वस्तू निम्मी आपली आणि निम्मी रानाची, असं आमचे आजोबा म्हणायचे. त्यांच्या काळात मोट होती. संध्याकाळी बैल सुटले की मोट, नाडा, सोल सगळं खांद्यावर टाकून घरी. कातडं आणि दोर महाग, म्हणून उघड्यावर राहायचं नाही. विहिरीवर राहायची ती फक्त धाव आणि दगड. मग इंजिन आलं. किर्लोस्करांची ऑईल इंजिनची कंपनी १९४६ ची, त्यानंतर गावोगाव ही इंजिनं पोचली. ते हलवायला चार-सहा गडी लागायचे, त्यामुळं ते चोरायचा विचारही कुणी करत नव्हतं. तरी आजोबा इंजिनाचं हँडल घरी आणून खुंटीला अडकवायचे.

पण उभं पीक, खळ्यावरची रास, कडब्याची गंजी घरी कशी आणणार? त्यासाठी गावाचा जागल्या होता. आपल्या पुणे भागात हे काम बहुतेक ठिकाणी रामोशी समाजाकडं होतं, काही गावांत महार-मांग समाजाकडंही. त्याबदल्यात खळ्यावर धान्याचा वाटा ठरलेला.

मला यात सगळ्यात मोठी गोष्ट वाटली ती पुढची. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टननं १८१९ साली दख्खनच्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात गावराखणीची रीत नोंदलेली आहे. रात्री गस्त घालायची, गावात कोण आलं कोण गेलं याची खबर ठेवायची, आणि चोरी झाली तर माग काढायचा. पावलं शेजारच्या गावाच्या शिवेत गेली, तर तो माग त्या गावच्या राखणदाराच्या हवाली करायचा. तो पुढं नेणार. माग जिथं संपला त्या गावानं जबाब द्यायचा. चोर सापडला नाही तर राखणदारानं त्याच्या ऐपतीप्रमाणं भरून द्यायचं आणि उरलेलं सगळ्या गावावर बसवायचं.

म्हणजे चोरी ही एकट्याची नव्हती. माझी मोट गेली तर सगळ्या गावाच्या खिशाला तोशीस. त्यामुळं कुणाच्या विहिरीवर रात्री काय हललं, याची काळजी प्रत्येकाला.

आता हे वाचून "पूर्वीचं किती छान होतं" असं म्हणू नका. भरपाईचा पहिला बोजा गावातल्या सगळ्यात गरीब माणसावर पडायचा. ती वसुली कित्येकदा अन्यायाची व्हायची, हेही त्याच अहवालात आहे. राखण ज्याची, संशयही पहिला त्याच्यावरच. दोन्ही एकाच घरात.

पुढं काय झालं ते तर आपल्याच जिल्ह्यात घडलं. १८१८ नंतर कंपनी सरकारनं रामोशांचे किल्ल्यांवरच्या राखणीचे जुने हक्क आणि नेमणुका काढून घेतल्या. पुरंदर तालुक्यातल्या भिवडीचे उमाजी नाईक उठले. कित्येक वर्षं इंग्रजांना त्यांनी दमवलं. शेवटी ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात त्यांना फाशी दिली. त्यांना पकडण्याच्या कामावर असलेल्या कॅप्टन मॅकिन्टॉशनंच १८३३ साली रामोशी समाजावर पुस्तक लिहिलं. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला. कित्येक समाजांना जन्मानंच चोर ठरवलं, हजेरी लावली, फिरण्यावर बंदी घातली. कायदा १९५२ साली गेला. रामोशी समाज आज सरकारी यादीत विमुक्त जातींत आहे. ज्यांनी शतकानुशतकं गावाची राखण केली, त्यांच्या नावापुढं कागदावर काय लागलं बघा. आणि कागद रद्द होऊन सत्तर वर्षं झाली तरी केबल गेली की आमची पावलं आधी पालाकडं वळली.

इकडं राखणीची जुनी घडीही मोडत गेली. १८६७ च्या कायद्यानं गावपोलीस सरकारी चौकटीत आले. १९५८ च्या कायद्यानं कनिष्ठ वतनं रद्द झाली. ते व्हायलाच हवं होतं, वतनाच्या नावाखाली वेठबिगारच होती ती. १९६७ च्या कायद्यानं आजचा पोलीस पाटील आला. तो खबर देतो, पंचनाम्याला उभा राहतो. पण तुमची मोटार गेली तर गावानं भरून द्यायची, ही गोष्ट कुठल्याच कायद्यात परत आली नाही.

आणि नेमक्या याच काळात रानात ठेवायच्या वस्तू वाढल्या. वीज आली, मोटार आली. १९८० साली उजनी पूर्ण झाली. नदीकाठची गावं उठून वर सरकली आणि शेतकरी पाण्यापासून लांब राहायला गेला. पाणी एकीकडं, घर दुसरीकडं, मध्ये आपली सगळी दौलत उघड्यावर: मोटार, स्टार्टर, केबल, पाईप. डीपीतलं तेल आणि तांबं जातं. नीरेवरच्या बंधाऱ्यांचे लोखंडी ढापे जातात. आता सोलरच्या तारा जातात. आजोबांचं हँडल खुंटीला यायचं, आमची हजार फूट केबल कुठल्या खुंटीला अडकवू?

आता माझ्या चुकीबद्दल. चार दिवसांनी डोकं थंड झाल्यावर कापलेल्या केबलचं टोक परत बघितलं. काप स्वच्छ होता, एकाच दाबात केलेला. चालू लाईटीत असा काप घेणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणजे त्या आठवड्यात आमच्या फिडरला लाईट कधी जाते, कधी येते, हे त्याला पाठ होतं. कॅमेरा कुठल्या बाभळीला आहे हेही ठाऊक होतं, आणि ते मी चहाच्या टपरीवर स्वतःच फुशारकीनं सांगितलं होतं. पालावरच्या माणसांकडं ना मोटार, ना मीटर. लाईटीचं वेळापत्रक आमच्यासारख्यांच्या मोबाईलवर असतं. चोर कोण ते आजपर्यंत कळलं नाही. पण तो कुठल्या वाटेनं आला असेल हे कळलं, आणि ती वाट पालाकडं जात नव्हती. मी परत गेलो तेव्हा पाल उठलं होतं. माफी मागायची राहून गेली, म्हणून ती इथं लिहितोय.

त्यानंतर आम्ही काठावरच्या चौदा जणांनी काही गोष्टी ठरवल्या. उपयोग होईल म्हणून देतो.

शक्य तिथं तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची केबल. तेवढाच भार न्यायला ती साधारण दीडपटीहून थोडी जाड घ्यावी लागते आणि जोडाला लग नीट दाबावे लागतात, नाहीतर जोड तापतो. पण चोराला तिचे पैसे फार येत नाहीत.

मोटारीच्या बॉडीवर आणि केबलवर दर दहा फुटांवर खूण. बिलं जपून ठेवायची. फिर्याद दिलीच पाहिजे, "काय उपयोग" म्हणून सोडायची नाही. १ जुलै २०२४ पासून चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ लागतं, आणि चोरीचा माल माहीत असून घेणाऱ्याला ३१७. भंगारात जळकी तार घेणाराही यात येतो, हे त्यालाही कळू द्या.

कॅमेरा लावायचा तर फोटो लगेच मोबाईलवर पाठवणारा, सिमकार्डवाला. आणि तो कुठं लावलाय हे टपरीवर सांगायचं नाही!

शेवटची गोष्ट सगळ्यात जुनी. चौदा जणांनी दर हंगामात थोडे पैसे एका खात्यात टाकायचे. कुणाची केबल गेली तर निम्मा खर्च त्यातनं. जागल्याच्या एकट्याच्या डोक्यावर नाही, सगळ्यांच्या खिशावर सारखा. पहिल्या वर्षी दोघं कुरकुरले. पण तेव्हापासून रात्री लाईट आली की बांधावरनं जाणारा प्रत्येक जण दुसऱ्याच्या मोटारीवरही बॅटरी मारून बघतो. मागच्या उन्हाळ्यात आमच्या पट्ट्यातली एकही केबल गेली नाही. योगायोगही असेल, एका वर्षावरनं मी छातीठोक सांगणार नाही.

कॅमेरा फक्त बघतो. गेलं तर भरून द्यायचं ओझं त्याच्यावर नसतं. ते ज्याच्यावर असतं तोच खरा राखणदार.

तुमच्या भागात जुन्या काळी राखणीची काय रीत होती? घरात म्हातारी माणसं असतील तर विचारा आणि लिहून ठेवा. पुढच्या नोंदीत परत ऊस.